ढकलायची पाळी

लढाईच्या दिवसांत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, माझी बदली चिकोडी तालुक्यातल्या एका लहान गावी झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, लग्न व्हायचं होतं, आणि ज्वारीची भाकरी मला नीट मोडतासुद्धा येत नव्हती. आमचं घर खानापूरच्या अंगाला, भाताच्या मुलखात. तिकडं चारी बाजूंनी रान. इकडं नजर पोचेल तिथवर काळी जमीन आणि तंबाखू. पहिले काही दिवस इतक्या उघड्यावर मला झोप लागायची नाही.

शाळा लोकल बोर्डाची होती. चार इयत्ता आणि मी एकटा. हजर झालो त्याच दिवशी कळलं, की मास्तराच्या गळ्यात आणखी एक काम असतं, ते म्हणजे ग्रामपंचायतीचं चिटणीसपण. सभेला बसायचं, ठरेल ते लिहून घ्यायचं, गावाच्या वतीनं अर्ज करायचे, तालुक्याहून आलेले कागद वाचून दाखवायचे. माझ्या आधीच्या मास्तरांनी ठरावांची वही माझ्या हातात देताना एवढंच सांगितलं, "सगळं लिहू नका. भांडून झाल्यावर जे उरतं तेवढंच लिहा."

सरपंच साठीच्या पुढचे जैन शेतकरी होते. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणे, मीही म्हणू लागलो. उंच, किंचित वाकलेले, डोक्याला पांढरं पागोटं. घरात कानडी बोलत, गावात मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. सूर्य मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम होता, त्यामुळे सभा कितीही तापली तरी दिवस कलला की संपायची. चावडीच्या दारातून समोरच्या भिंतीवरचं ऊन दिसे. ते वर सरकत वळचणीला टेकलं, की अण्णा उठून धोतर झटकत आणि म्हणत, "आयतु. ऱ्हायलेलं फुडच्या सभेला." आयतु म्हणजे झालं, संपलं. ज्याला आपलं म्हणणं रेटायचं असे तो सभासद एक डोळा त्या उन्हावर ठेवूनच बोलायचा.

सभेपुढं यायचं ते सगळं घरगुतीच. कुणाच्या परसातलं सांडपाणी कुणाच्या दारात येतं, ओढ्याच्या वरच्या अंगाला म्हशी कुणी घातल्या, कुणाचं कुंपण वाटेत आलं. मला सुरवातीला हसू यायचं. अण्णांना कधी आलं नाही. ते दोन्हीकडचं ऐकून घेत, मग स्वतः उठून ते सांडपाणी बघायला जात, आणि त्यांच्या मागं अख्खी पंचायत एका रांगेत चालू लागे. एकदा मी गालात हसताना त्यांनी मला पकडलं. म्हणाले, "मास्तर, ज्याच्या दारात घाण पानी येतंय न्हवं, त्याची लढाई तितंच हाय."

मोटारीचं प्रकरण सुरू झालं ते एका बाईच्या गुडघ्यांवरून.

ओढ्याकाठी एका विधवेचा वांग्यांचा मळा होता. बाई पन्नाशीची, आवाज खणखणीत. गाव तिला आक्का म्हणायचं. वांग्यांची पाटी घेऊन ती बाजाराला निपाणीला जायची, पाच-सहा मैल. गावापासून थोड्या अंतरावर चिकोडी-निपाणी रस्त्याचा फाटा होता आणि सकाळी तिथून सर्व्हिस मोटार जायची. लढाईआधी ती हात केला की थांबे. पण पेट्रोल मिळेनासं झालं आणि मालकानं मोटार कोळशावर चालवायला घेतली. तिच्या पाठीवर एक भलंमोठं लोखंडी पिंप बसवलं, त्यात कोळसा पेटवायचा आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चालवायचं. क्लीनर सारखा त्या पिंपाशी झटत असे, हात कोपरापर्यंत काळे. गावातल्या बायका तिला चुलीची मोटार म्हणायच्या.

ही चुलीची मोटार आमच्या फाट्यावर थांबेना. कारण फाटा नेमका चढाच्या पायथ्याला होता. अलीकडं ओढ्यावरची मोरी, तिथून मोटार होता नव्हता तो सगळा जोर लावून धावत यायची आणि त्याच झोकात चढ चढून जायची. मध्ये थांबली तर पुन्हा उठायचं नाव नाही. चढाच्या माथ्यावर थांबवतो, तिथं या, असं ड्रायव्हर जाता जाता ओरडून सांगे. माथा फाट्यापासून मैलभर वर. परतीच्या वेळी उतार असल्यामुळे मोटार बिनतक्रार थांबायची. अडचण काय ती सकाळचीच, आणि ओझी असायची तीही सकाळीच.

आक्का एका सभेच्या दिवशी चावडीपुढं येऊन उभी राहिली. बायका चावडीत चढत नसत. ती खालूनच बोलली, आणि आत बसलेल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशी बोलली. तिचं म्हणणं असं, की एवढी पाटी डोक्यावर घेऊन मैलभर चढ चढायचा तर अर्धं निपाणी तिथंच आलं, मग मोटारीत बसायचं कशाला? गुडघे तिचे गेले होते. शेजारची पोटुशी सून दवाखान्यात न्यायची तर तिलाही तो चढ चढवायचा का, हेही तिनं विचारलं. शेवटी म्हणाली, "पंचायत पंचायत म्हंता, एक मोटार थांबवता यीना व्हय तुमास्नी?"

अण्णांनी मला अर्ज लिहायला सांगितला. मी मोटारमालकाला लिहिला, उत्तर नाही. तालुक्याला लिहिला. तिथून आलं, की मोटार खाजगी मालकीची असून तिच्याबाबत पंचायतीने मालकाशी परस्पर बोलावे. अण्णा म्हणाले, "परस्पर म्हंजे आपुनच जायाचं." आणि पुढच्या सुट्टीला आम्ही दोघं चालत निपाणीला गेलो.

मालक माणूस सभ्य होता. त्यानं बसवून घेतलं, आणि तांत्रिक गोष्टी आपल्याला कळत नाहीत असं सांगून ड्रायव्हरलाच बोलावलं. ड्रायव्हर मिरजेकडचा, रुंद छातीचा, डोळे धुरानं लाल झालेले. तो कंटाळून म्हणाला, की मी काय हौसेनं न थांबवता जातो का? चढावर थांबली की गॅस पडतो. मग अर्धा तास भाता मारा, तोवर आतले लोक माझ्या नावानं शिव्या देणार. जाता जाता, बहुधा चेष्टेनंच, तो बोलून गेला, "ढकलायला माणसं द्या, रोज थांबवतो."

अण्णांनी ते चेष्टेत घेतलंच नाही. त्यांनी विचारलं, "किती माणसं?"

ड्रायव्हर त्यांच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, दहा-बारा तरी.

"आन कुठवर?"

चढाच्या मध्यावर एक जुनी चिंच होती. तिथवर ढकलली तर पुढं ती आपल्या जोरावर जाईल, असं त्यानं सांगितलं. अण्णांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि आम्ही परत फिरलो.  वाटेत चिंचेपाशी आल्यावर ते उभे राहिले, खाली फाट्याकडं बघितलं, आणि त्या उतारावरून एकेक पाऊल मोजत उतरले. कानडीत मोजत होते. 

पुढच्या सभेला गर्दी झाली. मोटार ढकलायची हे ऐकून काहींना हसू आवरेना, पण ज्यांच्या घरच्या बायका निपाणीला जात ते हसले नाहीत. अण्णांनी मांडलं, की आळीवार पाळी लावायची, दर दिवशी एक आळी, बारा माणसं. बहुतेकांनी माना डोलावल्या. अडले ते पाटील. गावच्या पाटलांचं घराणं जुनं, मिशा जुन्या, आणि आपल्या आळीची माणसं कुणाच्या मोटारीला हात लावणार नाहीत असं त्यांनी शांतपणे सांगितलं. "घोड्यावर बसनारी मानसं आमी," ते म्हणाले. त्यांचा घोडा मरून बरीच वर्षं झाली होती, पण ते कुणी काढलं नाही.

त्यावर दाराकडून आवाज आला.

त्या काळी ज्याला महारवाडा म्हणत, तिथला एक सभासद पंचायतीत होता. सरकारी नेमणुकीचा. वय अण्णांएवढंच असेल. वहीत त्याचं नाव इतर सभासदांच्या बरोबरीनं होतं, पण तो बसायचा चावडीच्या बाहेरच्या पायरीवर. तिथूनच ऐकायचा, विचारलं तर तिथूनच हो म्हणायचा. मी आलो तेव्हापासून तो आपण होऊन बोललेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी तो उभा राहिला आणि म्हणाला, "अण्णा, आमच्या वाड्याची बी पाळी लावा. बारा कशाला, पंधरा मानसं देतो. पर मंग आमी मोटारीत बसनार. टपावर न्हाय. आत, बाकावर."

मोटारीत त्यांना आत घेत नसत. टपावर सामानाबरोबर बसायचं, नाहीतर चालत जायचं. सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी ते कधी बोललं नव्हतं.  पाटील भिंतीकडं बघू लागले. मी लेखणी उचलून अण्णांकडं बघितलं, आणि अण्णा उन्हाकडं बघत होते. ऊन अजून वळचणीच्या बरंच खाली होतं. तरीही ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "आयतु. ऱ्हायलेलं उद्या बघू."

मला वाईट वाटलं. एवढा माणूस, आणि उन्हाच्या आड दडला, असं मनात आलं. म्हातारा सभासद पायरीवरून उतरून काठी टेकत निघून गेला. त्याच्या चेहऱ्यावरून तरी त्यानं दुसरी कसली अपेक्षा धरली होती असं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी अण्णा माझ्या दारात आले. रात्रभर जागे असल्यासारखे दिसत होते. ओट्यावर बसले, पाणीही नको म्हणाले.

"मास्तर, काल मला उत्तर सुचलं न्हाय," ते म्हणाले. "घरी गेलो, ताट म्होरं आलं, जेवान गेलं न्हाय."



"आमच्या आळीतली मानसं आन त्येंच्या वाड्यातली, येका मोटारीला हात लावनार. आज त्येंनी हात लावला तितंच उद्या आमी लावनार की. मंग बसताना काय ऱ्हायलं इटाळायचं?" मग ते म्हणाले, "लिवा."

मी वही काढली आणि लिहिलं, की सकाळची मोटार फाट्यावर उभी राहिल्यास ती चिंचेपर्यंत ढकलून देण्याचे काम गावाने आळीवार पाळीने करावे, आणि ढकलणाऱ्या सर्व आळ्यांतील लोकांनी मोटारीत कोणत्याही जागी बसण्यास गावाची हरकत नाही. वाचून दाखवलं. अण्णांनी मान हलवली.

"हरकत न्हाय, आसं नगो. हक्क हाय, आसं लिवा."

मी खोडून तसं लिहिलं. त्याच दिवशी ते सभेत वाचलं गेलं. दोन सभासदांनी कुरकुर केली, मग बाजाराला जाणाऱ्या आपापल्या बायका आठवून थांबले. त्यांना घरी जायचं होतं. पाटलांनी विरोधही केला नाही आणि होही म्हटलं नाही. म्हातारा पायरीवर होता. ठराव झाल्यावर त्यानं फक्त विचारलं, की आमची पाळी कुठल्या वारी.

पहिल्या सकाळी फाट्यावर बारा माणसं यायची ती साठ-सत्तर आली. मीही शाळा थोडी उशिरा भरवून गेलो. मोटार मोरीवरून धूर सोडत आली आणि खरोखर थांबली. ड्रायव्हर खाली उतरून एवढी माणसं बघून खुळ्यासारखा हसला. आक्का पाटी घेऊन सगळ्यांत आधी आत चढली. बाकीच्या बायकांनी आपापल्या पाट्या, बोचकी आत ठेवली. मग कुणीतरी म्हणालं, की चढाला ओझं जड होईल, बसणाऱ्यांनीही उतरून हात लावा. ते सगळ्यांना पटलं. आतले चिकोडीचे उतारूसुद्धा गंमत म्हणून खाली आले. आक्का मात्र हलली नाही. तिचे गुडघे होते.

अण्णा बाजूला उभे राहून कानडीत एक-दोन-तीन मोजू लागले, "वंदू, यरडू, मूरू." पहिल्या खेपेला मूरूवर ढकलायचं की मूरूनंतर, यात घोळ झाला. दुसऱ्या खेपेला सगळ्यांनी एकदम जोर लावला आणि मोटार अशी काही सुटली, की ड्रायव्हरला स्वतःलाच विश्वास बसला नसेल. चिंच आली, गेली. इंजिन खणखणीत लागलं. आता थांबवायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, म्हणून ड्रायव्हरनं थांबवलीच नाही. सगळे उतारू रस्त्यावर, सगळ्यांच्या पाट्या आत, आणि पाट्यांच्या मध्ये आक्का एकटी. मागच्या खिडकीतून तिचा हात बाहेर आलेला आम्हाला दिसत होता. ती बोलावत होती की निरोप घेत होती ते कळेना.

माथ्यापर्यंत सगळे पळत गेले. माथ्यावर मोटार उभी होती. आक्का नंतर कित्येक दिवस सांगत होती, की आखी मोटार एकट्या बाईसाठी चढावर गेली असं या मुलखात कुणाचं झालं न्हाय.

त्यानंतर शिस्त लागली. उतारूंनी आत बसूनच राहायचं, बाहेर फक्त पाळीवाले. पाळीची माणसं सकाळी भाकरी खाऊन फाट्यावर जायची, मोटारीची वाट बघत गप्पा मारायची, चिंचेपर्यंत ढकलायची आणि तिथून तशीच शेताकडं जायची. एका आळीचे लोक दुसऱ्या आळीला सांगत, की आमच्या दिवशी चिंचेच्या आधीच इंजिन लागतं. यावरून एक तक्रारही सभेपुढं आली होती. अण्णांनी ती ऐकून घेतली आणि दुसऱ्या सकाळी खरंच बघायला गेले.

पाटलांच्या आळीची पाळी आली त्या दिवशी तिथली माणसं आली, कारण त्यांच्याही बायका बाजाराला जात. पाटील स्वतः पटका बांधून आले आणि देखरेख करतो म्हणाले. मोटार हलली तेव्हा त्यांनी तिच्या मागच्या अंगाला एक हात टेकवला, घोड्याच्या पाठीवर ठेवावा तसा. पुढच्या पाळीलाही तसाच. काही महिन्यांनी मी बघितलं तर दोन्ही हात होते आणि पटका कमरेला गुंडाळलेला होता. 

ठरावाची नक्कल नियमाप्रमाणे तालुक्याला गेली होती. तिथून विचारणा आली, की मोटार ढकलणे हे पंचायतीच्या कर्तव्यांपैकी कोणत्या कलमात बसते, ते कळवावे. मी घाबरलो. या गावच्या पहिल्याच वर्षी ठपका येतो की काय, असं वाटलं. अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी मला पंचायतीची सगळी कर्तव्यं एकेक करून वाचायला लावली. दिवाबत्ती झाली, गटारं झाली, मेलेली जनावरं झाली. सार्वजनिक रस्त्यावरील अडथळे दूर करणे, असं आलं तेव्हा त्यांनी हात वर केला.

"हितं थांबा. मोटार चढावर उभी ऱ्हायली तर वाट अडती का न्हाय? मंग आमी अडथळा दूर करतो."

मी तसंच कळवलं. त्यावर पुन्हा कधी कागद आला नाही.

महारवाड्याची पाळी दर आठवड्याला येत होती आणि ठरल्याप्रमाणे पंधरा माणसं येत होती. ठरावानंतर त्यांच्यातली दोघं-चौघं मोटारीत बसूनही गेली, पण मागच्या बाकावर, कडेला, अंग चोरून. मग एक दिवस तो म्हातारा सभासद स्वतः आला. त्याला निपाणीच्या दवाखान्यात डोळे दाखवायचे होते. तो मोटारीत चढला आणि मधल्या बाकावर बसला, काठी दोन्ही गुडघ्यांत धरून. मी त्या दिवशी तालुक्याचं टपाल द्यायला फाट्यावर गेलो होतो, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं.

त्याच बाकावर चिकोडीहून आलेला एक व्यापारी होता. तो ताडकन उठला आणि ड्रायव्हरला काहीतरी म्हणाला. ड्रायव्हर माणूस वाईट नव्हता, पण रोजच्या गिऱ्हाइकाला दुखवायचं त्याला नको होतं. तो वळून म्हाताऱ्याला म्हणाला, मागं सरकून बस की बाबा. म्हाताऱ्यानं काठी टेकली. तो उठूच लागला होता.

अण्णा मोजायला म्हणून खाली उभे होते. त्यांनी खिडकीपाशी येऊन म्हटलं, "बसा तुमी."

मी अण्णांकडं बघितलं. गावातलं कुणीही त्या म्हाताऱ्याला अरेतुरेच करी. अण्णाही करत, लहानपणापासून. तो म्हातारासुद्धा क्षणभर आजूबाजूला बघू लागला, हे दुसऱ्या कुणाला तर म्हटलं नाही ना म्हणून. मग तो बसला.

अण्णा ड्रायव्हरला म्हणाले, "गावाचा ठराव हाय. वाचून दावाया मास्तर हितंच हाईत." आणि मागं वळून पाळीच्या माणसांकडं बघितलं. त्यांनी मोटारीला लावलेले हात काढून घेतले. त्या दिवशी पाळी पाटलांच्या आळीची होती. हात काढणाऱ्यांत पाटील पहिले होते की दुसरे, ते मी खात्रीनं सांगू शकत नाही, पण त्यांनी काढले.

मोटार उभी राहिली. पिंपातून धूर येत होता. क्लीनर भाता मारून बघत होता, उगाच. व्यापाऱ्यानं चढाकडं बघितलं, मैलभर वरच्या माथ्याकडं बघितलं, आपल्या पायातल्या नव्या जोड्याकडं बघितलं. आतून आक्का म्हणाली, "बस की रं बाबा, माझी वांगी सुकत्यात." तो दाराजवळच्या बाकावर जाऊन बसला, तोंड बाहेर करून. मग अण्णांनी मोजलं आणि मोटार निघाली.

परतताना अण्णा आणि मी बरोबर चालत होतो. मला काहीतरी मोठं बोलावंसं वाटत होतं. अण्णाच म्हणाले, की ओढ्यावरच्या मोरीचा एक दगड निसटलाय, पुढच्या सभेला घ्यायला पाहिजे.

मी त्या गावात आणखी दोन वर्षं होतो. सगळं त्या एका सकाळनं बदललं असं मला लिहायचं नाही, कारण ते खरं नाही. म्हातारा चावडीच्या पायरीवरच बसत राहिला. पाण्याच्या विहिरी वेगळ्याच राहिल्या. मी एकदा अण्णांपाशी तो विषय काढला तेव्हा ते म्हणाले, की मोटार गावाबाहेरची, विहीर घरातली, घरातलं लवकर हलत न्हाय. त्यांना ते बोलताना लाज वाटत होती, हे मला दिसत होतं. मीही अण्णांच्या आळीतल्याच विहिरीचं पाणी पीत होतो आणि आणखी काही बोललो नाही, हेही इथं सांगितलं पाहिजे.

लढाई संपली त्याच पावसाळ्यात माझी बदली परत खानापूरकडं झाली. निघताना आक्कानं मला एक टोपलं वांगी दिली. ती तिकडच्या पावसात दोन दिवसांत संपवावी लागली.

देश स्वतंत्र व्हायच्या आधी काही महिने मला एक कार्ड आलं. पत्ता कुणीतरी मराठीत लिहिला होता, पण आतला मजकूर कानडी लिपीत. अण्णांना अक्षर तेवढंच येई, मला ते येत नव्हतं. आमच्या शाळेत धारवाडकडचे एक मास्तर होते, त्यांना मराठी जेमतेम कळे. त्यांच्याकडं कार्ड घेऊन गेलो. त्यांनी पहिली ओळ मोठ्यानं वाचली आणि थांबले. म्हणाले, हे कानडी नव्हे, मला अर्थ लागत नाही. पण मला लागला. अण्णांनी मराठीच लिहिलं होतं, फक्त कानडी अक्षरांत. मग ते वाचत गेले, मी ऐकत गेलो, आणि मध्ये मध्ये त्यांना सांगत गेलो की ते काय वाचतायत.

अण्णांनी लिहिलं होतं, की पेट्रोलची मोटार आली. थांबते. ढकलायला लागत नाही, तरी दोघं-तिघं सवयीनं जाऊन उभी राहतात. पाटलांची तब्येत बरी नसते. म्हातारबा आता चावडीत आत बसतात. सभेच्या दिवशी फार पाऊस होता म्हणून त्यांना आत घेतलं, मग पाऊस थांबल्यावर बाहेर बसा म्हणायला कुणाचं तोंड झालं नाही. विहिरीचं भांडण चालू आहे, या खेपेला मीच काढलंय. नवे मास्तर चांगले आहेत, पण सगळं लिहितात.

मी उत्तर लिहिलं. माझ्यापाशी लिहायला फारसं नव्हतं, लग्न झाल्याचं आणि मुलगी झाल्याचं लिहिलं. विहिरीबद्दलही चार ओळी लिहिल्या, ज्या मी तिथं असताना बोललो नव्हतो. ते पत्र नव्या मास्तरांनी त्यांना वाचून दाखवलं असणार. ते काम चिटणिसाचंच.